ब्रेक पॅड बदलताना सोबत आणखी काय बदलायचं?

गाडी जॅकवर चढलेली असते, चाक निघालेलं असतं आणि गॅरेजमधून फोन येतो. "पॅड संपलेत. डिस्क पण टाकून घेऊ का? एक कॅलिपर जरा जॅम वाटतोय. होज पाइपही जुने झालेत. एकदाच सगळं करून टाकू, परत खोलायला नको." समोरचा माणूस मनापासून सांगत असेल किंवा बिल वाढवत असेल, फोनवरून कळायला मार्ग नसतो. मग आपण एकतर 'ब्रेकचं काम आहे, जोखीम नको' म्हणून सगळ्याला हो म्हणतो, नाहीतर खर्चाच्या धास्तीने 'फक्त पॅड घाला' सांगून मोकळे होतो. दोन्ही उत्तरं अंदाजाने दिलेली असतात, आणि त्यातलं दुसरं कधीकधी धोक्याचं ठरतं.

खरं तर यातल्या बहुतेक गोष्टी अंदाजावर सोडायची गरजच नसते. काही मोजता येतात, काही डोळ्यांनी दिसतात आणि काहींचा पुरावा गाडीतून निघालेल्या जुन्या पॅडवरच असतो. त्यासाठी आधी चाकापाशी काय घडतं ते थोडक्यात पाहू.

पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधून ब्रेक ऑइलचा दाब लोखंडी नळ्यांतून आणि शेवटी रबरी होजमधून चाकापर्यंत पोचतो. तिथे चाकासोबत फिरणाऱ्या लोखंडी तबकडीवर, म्हणजे डिस्कवर, कॅलिपर चिमट्यासारखा बसलेला असतो. त्यातला पिस्टन बाहेर सरकतो आणि आतल्या बाजूचं पॅड डिस्कवर दाबतो. बहुतेक गाड्यांत पिस्टन फक्त आतल्या बाजूलाच असतो. मग बाहेरचं पॅड कोण दाबतं? कॅलिपर दोन पिनांवर सरकता बसवलेला असतो. पिस्टनने आतून जोर लावला की कॅलिपर स्वतः उलट दिशेला सरकतो आणि बाहेरच्या पॅडला डिस्ककडे ओढून घेतो. पाय उचलल्यावर पिस्टनला मागे आणायला स्प्रिंग नसते. पिस्टनभोवती एक चौकोनी कडेचं रबरी सील असतं. दाबाखाली ते किंचित पिळलं जातं आणि दाब गेला की सरळ होताना पिस्टनला केसभर मागे घेतं. डिस्क ब्रेकची सगळी सुटका या केसभर अंतरावर चालते. म्हणून थोडा गंज, थोडं वाळलेलं ग्रीस किंवा फाटलेल्या बुटातून (पिस्टन आणि पिनांवरच्या रबरी आवरणातून) आत गेलेली धूळ एवढ्यानेही ब्रेक चिकटू लागतो.

जुनं पॅड टाकून देऊ नका

पॅड नवं असताना त्यावरचा घासणारा थर साधारण १० ते १२ मिलिमीटर जाड असतो. तो ३ मिलिमीटरच्या आसपास आला की बदलायची वेळ झाली असं धरतात. पण किती उरलंय याइतकंच महत्त्वाचं असतं ते कसं झिजलंय. एका एक्सलवर दोन चाकं, प्रत्येक चाकाला दोन, म्हणजे चार पॅड निघतात. ती चारही एका ओळीत ठेवून पाहायला सांगा. शक्य असेल तर स्वतः जाऊन पाहा, नाहीतर फोटो मागवा. कोणतं पॅड कोणत्या चाकाचं आणि आतलं की बाहेरचं, एवढं मात्र लिहून ठेवायला हवं.

चारही जवळपास सारखी झिजलेली असतील तर ती निव्वळ वयाने संपली आहेत. अशा वेळी कॅलिपर बदलायचा प्रस्ताव आला तर 'का?' हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आता समजा एका चाकाचं आतलं पॅड २ मिलिमीटरवर आलंय आणि बाहेरचं अजून ७ मिलिमीटर आहे. इथे पॅड दोषी नाही. कॅलिपर पिनांवर सरकत नाही, त्यामुळे बाहेरचं पॅड नीट दाबलंच जात नाही आणि सगळं काम एकटं आतलं करतंय, नाहीतर पिस्टन मागे येत नाही. अशा चाकात नुसतं नवं पॅड घातलं तर तेही त्याच चालीने लवकर संपणार. पण म्हणून सरळ नवा कॅलिपर घ्यायलाच हवा असंही नाही. आधी दोन्ही पिना ओढून पाहायच्या. पिन हाताने फिरवता आणि मागेपुढे करता आली पाहिजे. कोरडी, गंजकी पिन निघाली तर ती साफ करून, नवे रबरी बूट घालून, ब्रेकसाठीचं खास ग्रीस लावून बसवता येते. खड्डे पडले असतील तर पिन बदलायची. हे साधं ग्रीस नाही हे लक्षात असू द्या: खनिज तेलाचं ग्रीस ब्रेकच्या रबराला लागलं की रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते.

मग पिस्टन. तो हत्याराने हळूहळू दाबल्यावर एकसारखा आत गेला, त्याचा धूळ-बूट शाबूत असला आणि ऑइलचा ओलावा कुठे नसला, तर कॅलिपर ठीक आहे. बूट फाटलाय, पिस्टनवर गंजाचे ठिपके आहेत, अर्ध्यातच अडतोय, किंवा बुटाखालून ऑइल येतंय, तर कॅलिपर दुरुस्त करायचा किंवा बदलायचा. यातलं काय दिसलं ते मेकॅनिकने एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. 'जॅम वाटतोय' हे कारण पुरेसं नाही.

पॅड एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ, पाचरीसारखं झिजलेलं असेल तर दोनपैकी एक पिन अडकलीय किंवा पॅड ज्या खाचांत बसतं तिथे गंज साठलाय. आणि एका चाकाची दोन्ही पॅड संपलीत, दुसऱ्या चाकाची मात्र निम्मी शिल्लक आहेत, असं असेल तर एक बाजू चिकटतेय, नाहीतर दुसरी कामच करत नाहीये. गाडी ब्रेक लावल्यावर कोणत्या बाजूला ओढते ते आठवून पाहा. पूर्ण काम करणाऱ्या बाजूकडे ती ओढते.

डिस्क: इथे आकड्यांनी बोलायचं

डिस्कच्या बाबतीत मत विचारूच नका, माप विचारा. प्रत्येक डिस्कची किमान जाडी बनवणाऱ्याने ठरवलेली असते आणि बहुतेक वेळा ती डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या भागावर कोरलेली असते. गंजाखाली झाकली गेली असेल तर घासल्यावर दिसते. मोजणारा नीट मोजतोय का हेही पाहायला हवं. जुन्या डिस्कला बाहेरच्या कडेला गंजाची उंच किनार तयार होते, कारण तिथे पॅड पोचत नाही. साधा व्हर्नियर त्या किनारीवर टेकतो आणि माप खऱ्यापेक्षा जास्त येतं. मायक्रोमीटरने किनारीच्या आत, फिरवून फिरवून पाच-सहा जागी मोजायला हवं आणि त्यातलं सर्वांत कमी माप धरायचं.

आता एक उदाहरण घेऊ. नवी असताना डिस्क २२ मिलिमीटर होती आणि कोरलेली मर्यादा २० आहे. मोजली तर २०.४ भरली. मर्यादेच्या वर आहे, मग चालेल का? इथेच बरेच जण फसतात. २० हा आकडा डिस्क टाकून देण्याचा आहे. नवी पॅड बसवायला किती जाडी पुरेल, हे तो सांगत नाही. पॅडचा मागचा एक सेट संपेपर्यंत डिस्क समजा ०.८ मिलिमीटर झिजली असेल, तर नवा सेट निम्म्यावर येतो न येतो तोच ही डिस्क २० च्या खाली जाईल. म्हणजे निम्मी शिल्लक पॅड काढून टाकायची, नवी डिस्क घ्यायची, मजुरी पुन्हा द्यायची. तेव्हा २०.४ वरची डिस्क आत्ताच बदललेली बरी. तीच डिस्क २१.३ भरली असती तर ती ठेवायला काहीच हरकत नव्हती. प्रश्न 'आज पास होते का' हा नसून 'पॅडच्या पुढच्या बदलापर्यंत टिकेल का' हा आहे.

पातळ डिस्कचा धोका कशात असतो हेही समजून घ्या. ब्रेक लावताना गाडीच्या गतीची सगळी ऊर्जा उष्णतेत बदलते आणि ती आधी डिस्कच्या लोखंडात साठते. लोखंड कमी असेल तर तेवढ्याच ब्रेकिंगला डिस्क जास्त तापते, तडे जायची शक्यता वाढते आणि लांबलचक उतारावर ब्रेकची पकड कमी होत जाते. सपाट रस्त्यावर, एकटे गाडीत असताना हे जाणवत नाही. गाडी भरलेली असते आणि रस्ता उतरत असतो, तेव्हा ते जाणवतं.

जाडी बरोबर असूनही डिस्क बदलावी लागते ती तडे कडेपर्यंत गेले असतील, नखाला चांगल्याच लागणाऱ्या खोल चऱ्या असतील, किंवा ब्रेक लावल्यावर स्टिअरिंग आणि पेडल थरथरत असेल तर. या थरथरीला सगळे 'डिस्क वाकली' म्हणतात. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते. हब (ज्यावर डिस्क आणि चाक बसतं तो भाग) आणि डिस्क यांच्यामध्ये गंजाचा पापुद्रा राहिला की डिस्क किंचित तिरकी बसते, फिरताना डोलते आणि पॅड तिला दर फेरीला त्याच जागी खरवडतात. हजारो किलोमीटरनंतर तिची जाडी जागोजागी वेगळी होते आणि तो फरक पायाला जाणवतो. मिलिमीटरच्या शंभराव्या भागातला एक-दोन एवढा फरकही थरथरीला पुरतो. म्हणूनच, थरथरणारी डिस्क काढून नवी घातली पण हबचं तोंड घासून स्वच्छ केलं नाही, तर काही महिन्यांनी तीच तक्रार पुन्हा येते आणि दोष नव्या डिस्कला दिला जातो. डिस्क नवी घालणार असाल तर हब साफ करणार का, हे आवर्जून विचारा.

उलट, पाण्याने किंवा गाडी उभी राहिल्याने आलेला पातळ तांबूस गंज, बारीक रेषा आणि कडेची किनार ही डिस्क बदलण्याची कारणं नाहीत. जाडी भरपूर असेल तर टर्निंग करून, म्हणजे यंत्रावर वरचा थर काढून, पृष्ठभाग सपाट करता येतो. टर्निंगनंतरची जाडी मात्र मर्यादेच्या पुरेशी वर राहिली पाहिजे.

दोन नियमांवर मी तडजोड करणार नाही. पॅड आणि डिस्क एका एक्सलच्या दोन्ही चाकांना एकदमच बदलायच्या. डाव्या-उजव्या बाजूची पकड वेगळी असेल तर जोरात ब्रेक मारल्यावर गाडी सरळ थांबणार नाही. आणि नव्या डिस्कवर जुनी पॅड घालायची नाहीत. जुन्या पॅडचा पृष्ठभाग जुन्या डिस्कच्या चऱ्यांशी जुळलेला असतो. नव्या सपाट डिस्कवर ती फक्त उंचवट्यांवर टेकतात. पुढची पॅड बदलली म्हणून मागची बदलायलाच हवीत असं मात्र अजिबात नाही. ब्रेक लावल्यावर वजन पुढे जातं, पुढच्या चाकांवर जास्त काम पडतं, त्यामुळे पुढची सहसा आधी संपतात.

ऑइलची लाइन उघडणार आहे का?

सोबतचे भाग बदलायचे की नाही हे ठरवताना हा प्रश्न सगळ्यात जास्त उपयोगी पडतो, आणि तो क्वचितच विचारला जातो. पॅड, डिस्क, पिना, क्लिपा हे कोरडं काम आहे. कॅलिपर बाजूला करून टांगून ठेवायचा (होजवर लोंबकळत नव्हे, तारेने बांधून), काम करायचं आणि परत बसवायचा. ऑइलच्या लाइनमध्ये हवा जायचा संबंध नाही. कॅलिपर, होज किंवा व्हील सिलिंडर (ड्रम ब्रेकमधला पिस्टनचा भाग) बदलायचा असेल तर लाइन उघडावीच लागते. मग एअर काढणं आलं, नवं ऑइल आलं, आणि एबीएसच्या (चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमध्ये हवा अडकली तर काही गाड्यांना ती काढायला स्कॅनर लावावा लागतो.

म्हणून कोरडंच काम असेल आणि ओल्या भागांत ठोस दोष दिसत नसेल तर 'जुनं झालंय' एवढ्यासाठी लाइन उघडू देऊ नका. पण एकदा उघडणारच असेल, तर त्याच वेळी त्या बाजूचा होज बदलायचा का हे मनापासून तपासा. मजुरीचा मोठा भाग तसाही भरलेलाच असतो. होज वाकवून पाहायचा. तडे दिसतात का? पेडल दाबल्यावर कुठे फुगा येतो का? त्याची बाहेरची लोखंडी पट्टी गंजून फुगलीय आणि रबराला आवळतेय का?

होजचा एक दोष डोळ्यांना दिसतच नाही. आतला थर सुटून त्याचा पडदा तयार होतो. पायाच्या जोराने ऑइल पलीकडे जातं, पण परत येत नाही. चाक घट्ट राहतं, तापतं, आणि त्यासाठी कॅलिपर निष्कारण बदलला जातो. हे ओळखायची साधी रीत आहे. चाक वर उचलून पेडल दाबायचं, सोडायचं. चाक हाताने फिरत नसेल तर कॅलिपरवरचा एअर काढायचा निपल जरासा सैल करायचा. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं, तर दाब अडकून राहिला होता: एकच चाक असं वागत असेल तर संशय होजवर, जास्त चाकं असतील तर वर मास्टर सिलिंडरकडे. निपल उघडूनही चाक घट्टच राहिलं, तर दोष पिस्टनचा किंवा पिनांचा. कॅलिपर बदलायला होकार देण्याआधी ही तपासणी केली का, एवढं विचारलंत तरी पुष्कळ.

एक कॅलिपर बिघडला तर दोन्ही बदलायचे का, यावर मेकॅनिकांमध्येच मतभेद असतात. माझं मत: दुसऱ्या बाजूचा पिस्टन, बूट आणि पिना तपासून चांगल्या निघाल्या तर एकच बदलायला हरकत नाही. पॅड-डिस्कसारखी घर्षणाची जोडी इथे नाही. दुसराही त्याच गंजाच्या वाटेवर दिसत असेल, तर मात्र दोन्ही.

ब्रेक ऑइलचं वय धरा. ते हवेतलं पाणी शोषून घेतं, आणि पाणी जितकं जास्त तितकं ते लवकर उकळतं. ताज्या डॉट ४ (हा ब्रेक ऑइलचा एक दर्जा) ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरल्यावर त्याच ऑइलसाठी ही मर्यादा १५५ अंश धरली जाते. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दबते आणि ब्रेक न लागताच पेडल खाली जातं. दोन वर्षं होऊन गेली असतील तर पॅडच्या कामासोबत ऑइल बदलून घेणं शहाणपणाचं आहे, आणि कॅलिपर किंवा होज बदलत असाल तर आपसूकच होतं. कोणतं घालायचं ते टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते या बाकीच्यांत कधीच मिसळायचं नाही.

मागे ड्रम असतील तर

ड्रम म्हणजे चाकासोबत फिरणारा डबा; पॅडऐवजी त्याला आतून शू दाबतात, आणि शूवरचा घासणारा थर म्हणजे लायनर. ड्रममध्ये सगळं झाकलेलं असतं, त्यामुळे उघडल्यावर नीट पाहून घ्यायला हवं. व्हील सिलिंडरचा रबरी बूट उचलून पाहायचा. आत किंचित ओल असणं चालतं, थेंब साठले असतील तर सिलिंडर गेलाय. आणि लायनरवर ऑइल किंवा ग्रीस झिरपलं असेल तर तो शू गेला. धुऊन, घासून, तापवून तो परत पकड देत नाही, वरून कितीही कोरडा दिसला तरी.

इथे एक गोष्ट आधी सांगितलेली बरी, नाहीतर नंतर भांडणं होतात. झिजलेल्या शूमुळे व्हील सिलिंडरचे पिस्टन बरेच बाहेर येऊन काम करत असतात. नवे जाड शू बसवले की ते पुन्हा आत ढकलले जातात, जिथे अनेक वर्षं सील फिरकलेलं नसतं आणि गंज साठलेला असतो. मग आजवर कोरडा असलेला सिलिंडर शू बदलल्यावर आठवड्याभरात गळू लागतो. मेकॅनिकने काही बिघडवलेलं नसतं. म्हणून गाडी जुनी असेल आणि ऑइल वेळच्या वेळी बदललेलं नसेल, तर शूसोबत व्हील सिलिंडर बदलायच्या सूचनेला मी लगेच नाही म्हणणार नाही. स्प्रिंगा उष्णतेने ढिल्या होतात. शू नवे तर स्प्रिंगचा संच नवा, यात फार विचार करण्यासारखं काही नाही.

उरलेल्या बारीकसारीक गोष्टी पटकन सांगतो. पॅडच्या क्लिपा नव्या घ्या. झिजल्याची सूचना देणारी वायर डिस्कला लागून तुटली असेल तर नवी लागेल. कंपनीने एकदाच वापरायचे म्हणून सांगितलेले बोल्ट पुन्हा वापरायचे नाहीत. काही गाड्यांत डिस्क हबच्या मागे असते आणि ती काढायला बेअरिंग दाबून बाहेर काढावं लागतं. त्यात बेअरिंगला मार बसतो, तेव्हा तिथे नवं बेअरिंग हा कामाचाच भाग समजा. इतर गाड्यांत बेअरिंगचा आवाज नाही, चाक हलवल्यावर खेळ नाही, तर त्याला हात लावायचा नाही. मास्टर सिलिंडरही असाच. पेडलवर पाय स्थिर ठेवून ते हळूहळू खाली बसत असेल आणि बाहेर कुठे गळती नसेल, तरच त्याच्याबद्दल बोलायचं.

विजेवर चालणारी किंवा हायब्रिड गाडी असेल तर चित्र थोडं उलटतं. वेग कमी करायचं बरंचसं काम मोटर करते, त्यामुळे पॅड वर्षानुवर्षं झिजत नाहीत. पण वापरच कमी असल्याने डिस्कवर गंज चढतो आणि पिना जागच्या जागी धरतात. पॅड जाड आहेत म्हणून ब्रेक चांगले आहेत, असा हिशोब या गाड्यांत धरू नका.

काम संपल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत चार-सहा वेळा दाबायचंच. पिस्टन मागे ढकललेले असतात, पहिलं पेडल सरळ तळाशी जातं, आणि हे विसरून गाडी उतरवली तर समोरची भिंत थांबवते. पहिले दोन-तीनशे किलोमीटर गरज नसताना जोरात ब्रेक मारू नका; मध्यम वेगावरून पुन्हा पुन्हा हलके ब्रेक लावत पॅड आणि डिस्क एकमेकांवर बसू द्या. त्यानंतर एकदा नेहमीच्या रस्त्याने फिरून या, थांबा आणि चाकांच्या जवळ हात नेऊन पाहा, डिस्कला न लावता. डावी-उजवी बाजू सारखीच गरम असायला हवी. एक बाजू स्पष्ट जास्त तापलेली असेल तर त्या चाकाच्या पिना आणि होज पुन्हा तपासायला गाडी त्याच दिवशी परत न्या.